हातात दिलेलं बोलावणं

फार जुनी, खापरपणजोबांच्याही आधीची म्हणा, अशी एक गोष्ट आहे. कुंभारवाडीत त्या दिवशी रोजच्यासारखीच सकाळ उजाडली. बायकांनी ओली मडकी अंगणात मांडली, कोंबड्यांना हाकललं. उन्हं चढली तेव्हा निरोप आला, की बाजाराला निघालेली गाडी नदीत उलटली आणि गाडीवरचा कुंभार बुडाला.

त्याच कुंभाराच्या घराकडे न्यायसभेचा बजावणीदार निघाला होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कुणावर दावा लागला, की त्याला बोलावणं नेऊन द्यायचं; निकाल लागला, की त्याप्रमाणे ताबा देववायचा, हे त्याचं काम. बोलावणं ज्याचं त्याच्याच हातात द्यावं, असा नियम होता. त्याचं एकही बोलावणं आजवर परत आलं नव्हतं.

वाटेत मेंढपाळ भेटला. म्हणाला, "काय बजावणीदार, आज कुणाची झोप उडवायला?"

"झोप उडवणारा दुसराच. मी नुसता पोचवणारा!" बजावणीदार हसून म्हणाला.

अंगणात शिरला आणि त्याचं हसू मावळलं. माणसं दाटली होती. मधोमध कुंभारीण बसली होती. रडतही नव्हती. कुणी तिला पाणी देत होतं, कुणी पदर सावरत होतं.

तिच्या बापाने तिला ओढ्याकाठची चिकणमातीची खाण दिली होती. ती खाण माझी, असा दावा तिच्या चुलतभावाने लावला होता. अमावास्येला तिने सभेत येऊन आपलं म्हणणं सांगायचं होतं. खाण गेली, तर चाकावर ठेवायला माती कुठून आणणार?

एक म्हातारी शेजारीण पुढे आली. "अहो दादा, आजचा दिवस तरी सोडा की!"

"हुकमाला दिवसवार नसतो, आजी."

त्याने वाकून कुंभारणीच्या हातात कागद दिला आणि बोलावणं वाचून दाखवलं. तिने मान हलवली. बोटं मिटली. बजावणीदार परतला आणि सभेत सांगितलं, "बजावणी झाली."

अमावास्या आली. कुंभारीण आली नाही. न्यायाधीशांनी खाण चुलतभावाला दिली आणि ताबा देववायला त्याच बजावणीदाराला धाडलं.

कुंभारीण खाणीत उतरून माती काढत होती. निकाल ऐकून ती घमेलं घेऊन तशीच उभी राहिली.

"मला तर कुणी बोलावलंच नाही."

"बाई, मी स्वतः तुमच्या हातात कागद दिला. वाचूनही दाखवला. तुम्ही मान हलवलीत."

तिने जरा आठवून पाहिलं. "असेल, दादा. त्या दिवशी पुष्कळांनी हातात काय काय दिलं. मी सगळ्यांना मान हलवली."

तिच्या आवाजात राग नव्हता.  बजावणीदाराने वाडीत जाऊन त्या म्हाताऱ्या शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, "मला वाटलं, तिला कळलंय. पुन्हा कशाला काढायचं म्हणून गप्प बसले."

बजावणीदाराने ताबा दिला नाही. तो सभेत परतला. "महाराज, माझी बजावणी झाली नव्हती."

"कागद तिच्या हातात दिला नव्हतास?"

"दिला होता. पण ती तिथं नव्हती."

सभेत हशा पिकला. कारकून म्हणाला, "हात इथं अन् बाई कुठं?" न्यायाधीश मात्र हसले नाहीत. त्यांनी निकाल मागे घेतला. बजावणीदाराच्या नावापुढे पहिल्यांदाच 'बजावणी झाली नाही' असं लिहिलं गेलं. कुंभारणीला पुन्हा बोलावणं गेलं. या वेळी तो ओसरीवर टेकला, कशासाठी बोलावलंय ते सांगितलं आणि म्हणाला, "आता तुम्ही मला सांगा, काय समजलं?" तिने नीट सांगितलं, तेव्हाच तो उठला.

ती सभेत आली, बोलली आणि खाण तिचीच ठरली. तेव्हापासून त्या राज्यात बोलावणं नेणाऱ्याने असंच ओसरीवर टेकायची रीत पडली.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, माणसाला समजलं, तरच निरोप पोचला.

बजावणीदार पुढेही कितीदा तरी त्या दारावरून गेला. पण तिचा नवरा गेला त्याबद्दल दोन शब्द बोलायचे, ते त्याच्याकडून राहूनच गेले.