सोमरीचा लांदा

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती, ते विचारू नये. ज्यांनी ती प्रथम सांगितली त्यांना वर्षे मोजण्याची गरज वाटली नव्हती. इंद्रावती नदीच्या अलीकडच्या रानात कोरसेगुडा नावाचे गाव होते. तेथे धान्य आंबवून एक पेय करीत आणि त्याला लांदा म्हणत. त्याला दारू म्हणणे अन्यायाचे होईल, आणि पेज म्हणणे अपुरे. ते भूक भागवी, आणि वर माणसाला गाणेही सुचवी.

गावाचा एक नेम होता. मृग लागण्यापूर्वी गावाचा पुजारी, म्हणजे गायता, लांद्याची पहिली धार जमिनीला देई. जमीन प्याली की मगच बी तिच्यात जाई. तहानेल्या जमिनीत पेरले तर ती बीच खाऊन टाकते, असे म्हणतात.

हा लांदा मुरी नावाची एकच म्हातारी करी, आणि तोही दार लावून. कोणी कृती विचारली तर म्हणे, "तुला प्यायचे आहे की शिकायचे?" प्यायलेला माणूस पुन्हा विचारीत नसे. एका वर्षी मृगाला पंधरा दिवस उरले असताना मुरी वारली. मागे राहिले ते तिचे जुने मडके. त्याच्या अंगात आंबवण मुरलेले होते. कृती मात्र तिच्याबरोबर गेली.

तेव्हा लालसू गायत्याने सोमरीला बोलावले. सोमरी गावची नवी सून. लाकूड जळते मग दगड का जळत नाही, हेही विचारणारी.

"गावात प्रश्न तूच विचारतेस," गायता म्हणाला. "आता उत्तरही तूच शोध. लांदा झाला नाही तर मी कोणाला पेरू देणार नाही. आणि पेरणी चुकली, तर पुढच्या वर्षी या गावात चूल पेटणार नाही."

भात आदल्या वर्षी नीट पिकले नव्हते. घरोघरी मागून थोडा तांदूळ आणि कोदो, कुटकी, नाचणी ही भरडधान्ये मिळाली. शिवाय जई या परक्या धान्याचे एक पोते होते. मीठ घेऊन आलेल्या लमाणांच्या नायकाची घोडी गावात मेली, तेव्हा तिचा हा खुराक मागे राहिला होता.

"घोडीचे खाणे घालतेस?" सोमरीची सासू लच्चे म्हणाली. "गायता खिंकाळायला लागला तर?"

"मग त्याच्यावर बसून बाजाराला जाऊ, आत्या."

पहिल्या खेपेस सोमरीने तांदूळ आणि जई शिजवून मुरीच्या मडक्यात घातली. तीन दिवस गेले. मडके मुके राहिले, एक बुडबुडाही आला नाही. तिने बोट बुडवून चाखले. पिठाची चव होती, गोडी नव्हती. मग तिला आठवले की मुरीच्या परसात दर वर्षी ओली नाचणी पसरलेली दिसे. तिने नाचणी भिजवली, मोड आणले, वाळवून कुटले. शिजवलेल्या जईत ते पीठ कालवले आणि सकाळी चाखले, तो काय! कोणी मध ओतावा तशी गोडी उतरली होती. मोड आलेले दाणे मुक्या दाण्यांना बोलायला शिकवतात, असे म्हणतात.

पण ते गाळायला घेतले तेव्हा टोपलीतून थेंब पडेना. सगळ्याची चिकट खळ झाली होती.

"छान!" लच्चे म्हणाली. "हे प्यायचे नाही, चावायचे आहे. गायत्याचे दात तेवढे मोजून ठेव."

या वेळी सोमरी हसली नाही. मृगाला चार दिवस उरले होते. सुपावरचा तिचा हात गावात नावाजलेला होता. तिच्या पाखडण्यातून तुसाचा कण सुटत नसे, आणि आताही तिने जई अन् तांदूळ मोत्यांसारखे निवडून घेतले होते. खिन्न होऊन ती शिजवायचे भांडे धुवायला परसात गेली. पिठूळ पाणी तिने तुसाच्या ढिगावर ओतले. ते पाणी ढिगातून वाट काढीत खाली आले, आणि आले ते निवळ.

सोमरी कितीतरी वेळ पाहत राहिली. पुन्हा ओतले. पुन्हा निवळ.

"आत्या," ती ओरडली, "मी वाटच पाखडून टाकली!"

तिने पुन्हा धान्य शिजवले. या वेळी खळ होऊ नये म्हणून जई दहा मुठींस एकच घेतली, बाकी कोदो आणि कुटकी. त्यात मोडांचे पीठ मिसळले. आणि जन्मभर ज्याला कचरा मानले ते तूस धुऊन, ओंजळी भरभरून, आपल्या हाताने त्यात परत घातले. टोपलीखाली आधी थेंब आला, मग धार आली; ती तिने मुरीच्या मडक्यात भरली.

तिसऱ्या दिवशी मडके गुणगुणू लागले. ते गुणगुणणे तीन गावांपलीकडे ऐकू गेले, असे म्हणतात. जईमुळे फेस सायीसारखा दाट आला. तो मडक्यात मावेना, अंगणात मावेना. तो बांध ओलांडून शेतांवर पसरला आणि बगळ्यांना वाटले, तळेच आले. गायत्याने पहिली धार दिली तेव्हा जमिनीने घोट घेतल्याचा आवाज सर्वांनी ऐकला. त्याच दुपारी पेरणी सुरू झाली.

सोमरीने मुरीच्या घराचे दार बिजागरीतून काढले आणि गावातल्या प्रत्येक बाईला कृती दाखवली. पुढे म्हातारपणी ती एका पिशवीत तूस घेऊन गावोगाव शिकवीत निघाली. ती कोठवर पोहोचली, ते कोणालाच ठाऊक नाही.

कोरसेगुड्यात आजही पेरणीचा लांदा, ज्या बाईने तो कधीच केला नाही तिच्याकडूनच करवून घेतात. जाणत्या बायका भोवती बसतात. त्यांनी मडक्याला हात लावायचा नाही, मात्र नवखीच्या एकाही प्रश्नाला उत्तर नाकारायचे नाही. लांदा पुष्कळदा बिघडतो. तेव्हा कोणी रागावत नाही. गायता सांगतो, "आज सोमरीचा दिवस." मग सारे गाव बियाण्याच्या टोपल्या खाली ठेवते आणि नवखी पुन्हा धान्य भिजवू लागते.