कानातलं वाक्य

वृत्तवाहिनीचे संपादक घोसाळकर यांचा नियम एकच होता. निवेदिकेच्या कानातल्या इअरपीसमध्ये ते जे सांगतील, ते तिनं थेट प्रक्षेपणात शब्दशः बोलायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. अक्कल चालवणाऱ्या दोघी घरी बसल्या होत्या.

त्याच इअरपीसमधून साहेब निवेदिका हेमांगीला हलक्या आवाजात नको ते ऐकवत. तिनं तक्रार केली, तर सगळे म्हणाले, “आम्हाला कुठं ऐकू येतं?”

त्या दुपारी धरणांवर चर्चा रंगली होती. हेमांगी मध्येच थांबली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, “आमचे संपादक घोसाळकर आत्ताच कळवताहेत, ‘या साडीत फार गोड दिसतेस, बुलेटिन संपलं की एकटीच केबिनमध्ये ये.’”

समोर बसलेले पाटबंधारे खात्याचे अभियंता निगुडकर पार गोंधळले. हातातले कागद उलटसुलट करत त्यांनी विचारलं, “ताई, हे कुठल्या धरणाबद्दल?”

कंट्रोल रूममध्ये तर कुणाला काहीच कळेना. सगळे साहेबांकडे बघत होते आणि साहेब स्वतःच्या माइककडे.

“अगं, काय बोललीस हे?” साहेब ओरडले.

“‘अगं, काय बोललीस हे?’ असंही ते विचारताहेत,” हेमांगी म्हणाली.

मग तिनं इअरपीस बोटानं कानात नीट दाबून पाहिला.

“संपादकांची पुढची प्रतिक्रिया अद्याप मिळालेली नाही. मिळताच आपल्यापर्यंत शब्दशः पोहोचवू.”