कोल्ह्याने भंगारात घातलेलं इंजिन

मुलांनो, एका जंगलात एक अस्वल आणि एक कोल्हा शेजारी राहत, आणि दोघांकडेही आजोबांच्या वेळची एकेक मोटार होती. जत्रेच्या मिरवणुकीत दरवर्षी अस्वलाची गाडी पहिली अन् कोल्ह्याची दुसरी. कोल्ह्याच्या पोटात नुसतं दुखायचं! जत्रेचा नियम मात्र कडक. म्हातारा हत्ती सोंडेत भिंग धरून बघे. गाडीच्या सांगाड्यावर आणि इंजिनावर एकच नंबर असला तरच गाडी अस्सल, नाहीतर मुकाट्याने घरी जायचं.

एका वर्षी दोन्ही इंजिनं थकली. जरा चढ आला की धाप लागे आणि मागून निळा धूर निघे. मुंगूस मिस्त्री म्हणाला, "इंजिन खोलू, पिस्टन-रिंगा बदलू आणि तेच पुन्हा बांधू. वेळ लागेल, पण होईल." कोल्ह्याला लगेच युक्ती सुचली. तो अस्वलाकडे जाऊन गोड आवाजात म्हणाला, "अस्वलदादा, त्या खटाऱ्यात कशाला जीव अडकवता? सरळ नवं इंजिन बसवा!" नियम त्याला तोंडपाठ होता, बरं का! अस्वल म्हणालं, "बघतो विचार करून."

आठवड्याने अस्वलाच्या दारात एक मोठं खोकं उतरलं. "फसलं बेटं!" कोल्हा मनात म्हणाला. आता आपलं इंजिन बांधून घ्यायचं आणि गप्प बसायचं, एवढंच त्याचं काम उरलं होतं. पण एके सकाळी अस्वलाच्या शेडमधून इंजिनाचा आवाज आला. ना खोकला, ना धूर! ससे गोळा झाले. "वा! काय गाडी आहे!" झालं, कोल्ह्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्याच्याकडे नवं कोरं आणि माझ्याकडे हा डबा? छट्! मिस्त्री, त्याच्याहून मोठं इंजिन बसव!"

"अहो, पण नियम... आणि अस्वलाचं काम तर मीच..."

"त्याचं नाव काढू नकोस!" कोल्हा खेकसला. रागाच्या भरात नियमही विसरून आजोबांचं इंजिन त्याने भंगारवाल्या तरसाला देऊन टाकलं.

जत्रेत हत्तीने कोल्ह्याच्या इंजिनावर भिंग धरलं. "हा नंबर कुठला? गाडी बाजूला घ्या."

"मग त्याचीही घ्या! त्यानेही नवंच बसवलंय!" कोल्हा ओरडला. हत्तीने अस्वलाचं इंजिन पाहिलं. तोच जुना, झिजलेला नंबर.

"नवं कुठलं रे?" अस्वल म्हणालं. "खोक्यात पिस्टन होते. एकदा आत येऊन बघायचंस तरी."

कोल्हा धावत तरसाकडे गेला. तरस हात पुसत म्हणाला, "अरेरे, कालच फोडून भट्टीत टाकलं. तुमच्या आजोबांचं होतं का?" बाहेर रस्त्यावरून मिरवणूक चालली होती आणि पुढे अस्वलाची गाडी होती.

तात्पर्य : शेजाऱ्याच्या खोक्याकडे बघून जो जळतो, तो आपल्या घरातलं अस्सल आपल्याच हाताने भंगारात घालतो.