ग्रेगरीच्या शेडमधला पेंढा

“मग हे पाणी येतं कुठून, ते तरी सांगा!”

ग्रेगरीने डुकराच्या मटणाचं पातेलं बस्त्यावकाकांच्या ओट्यावर आदळलं. फिक्कट, लिबलिबीत तुकडे, आणि तळाशी वाटीभर पाणी. नमुन्याला दिलेलं हे मटण लग्नाच्या आचाऱ्याने सकाळीच परत पाठवलं होतं. पुढच्या रविवारी लग्नात हेच येणार असेल तर दुसरीकडून घेतो, म्हणाला. नव्या शेडची ही पहिलीच ऑर्डर. ती गेली की गावात परत कोण विचारतंय?

“तुमची डुकरं चिखलात लोळतात, काका. माझी फरशीवर! दिवसातून तीनदा धुतो. फिरण्यात ताकद जाऊ नये म्हणून जागासुद्धा बेताची ठेवलीय. तुमच्याआधी वजनाला येतात. आणि लोक मटण मागतात तुमच्याकडे? हा कुठला न्याय?”

काकांकडेच तो डुकरं पाळायला शिकला होता. मग शहरात जाऊन पदवी घेऊन आला, आणि काका त्याला अडाणी वाटायला लागले.

काकांनी चपला घातल्या. “चल, बघू.”

शेडचं दार उघडलं, तशी डुकरं किंचाळत एकमेकांच्या अंगावर चढली. धन्याला बघून! काका कठड्याशी उभे राहिले.

“शेपट्या कुठायत यांच्या?”

“कापल्या. एकमेकांच्या चावतात.”

“माझी चावत नाहीत.”

ग्रेगरी पायाने फरशीवरचं पाणी सारू लागला.

“खाटकाकडे कशी नेलीस?”

“टोचून टोचून. पायच उचलत नाहीत मेली. दोन तर टेम्पोत चढतानाच धापा टाकत पडली.”

“तीच पातेल्यात आली?”

ग्रेगरीने मान डोलावली. काकांचा चेहरा लालबुंद झाला. इतक्या वर्षांत त्याने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

“लाज नाही वाटत? असं धास्तावलेलं जनावर कापलं की मटण पाणीच सोडणार! हे शिकवलं होतं मी तुला?”

काका तरातरा शेजारच्या खळ्यावर गेले, भाताच्या पेंढ्याचा भारा ओढत आणला आणि सोडून दिला त्या चकचकीत फरशीवर.

“अहो, घाण होईल सगळी!”

डुकरं आधी मागे सरली. मग एकाने नाक खुपसलं. मग सगळ्यांनी. पेंढा उडायला लागला, आणि जरा वेळाने किंचाळणं थांबलं. एक डुक्कर तोंडात काड्या धरून कोपऱ्यात घेऊन गेलं, नीट पसरून त्यावर आडवं झालं. पाच महिन्यांत ग्रेगरीने शेडमध्ये एवढी शांतता ऐकली नव्हती. त्याचा राग कुठल्या कुठे गेला. त्याने घाईघाईने खिशातून वही काढली.

“काका, रविवारला अजून आठ दिवस आहेत. मटण घट्ट व्हायला दर मटणामागे किती पेंढा टाकू?”

काकांनी त्याची वही मिटली आणि कोपऱ्यात आडव्या झालेल्या डुकराकडे बोट दाखवलं.

“ग्रेगरी, अजून ते मटण झालेलं नाही.”