झिपरूच्या सात उड्या

हिमालय आजच्याहून बोटभर बुटका होता, तेव्हाची ही गोष्ट. झिपरू कोल्हा रानशेळ्यांच्या सोबतीनं पलीकडच्या कुरणाकडे निघाला होता. दोन दिवस वाऱ्यानं उतारावर बर्फ थापला होता आणि आता ऊन तापलं होतं. कळपाची म्होरकी तुरमीआजी उताराशी थांबली. तिनं खूर आपटला, तसा बर्फातून 'हुंम्' असा पोकळ आवाज आला.

"वरच्या डोंगरधारेवरून जायचं," ती म्हणाली.

"आजी, त्या वळशात संध्याकाळ होईल!" झिपरू खिदळला. "इथून चार उड्यांत पोचतो. म्हातारपणी बर्फसुद्धा गुरगुरतो वाटतं!"

करडं हसली. झिपरूला आणखी चेव आला.

"मग हो पुढे," आजी म्हणाली. "पण एकटाच. आम्ही इथून नजर ठेवतो."

झिपरूनं मागे वळून पाहिलं, पण करडं बघत होती. शेपूट उंच करून तो निघाला. सातव्या उडीला पायाखालचा उतारच सुटला. बर्फाच्या लोटानं त्याला गिळलं. वर कुठे, खाली कुठे, काहीच कळेना. ओरडायला तोंड उघडावं तर तोंडात बर्फ.

तो दिसेनासा झाला ती जागा आजीनं डोळ्यांत धरून ठेवली होती. लोट थांबताच शेळ्यांनी तिथंच खुरांनी भराभर उकरलं आणि शेपूट दातांत धरून त्याला बाहेर ओढलं.

झिपरू खोकला, थरथरला. मग करडांकडे बघून म्हणाला, "बघितलंत? उतार साफ करून दिला तुम्हाला!"

"उपकार झाले," आजी म्हणाली. "शेजारचा उतार तसाच राहिलाय. तोही करतोस?"

झिपरू केव्हाच धारेच्या वाटेला लागला होता.