कागदाची पाठ

एकदा एक वृद्ध ठसेकार जपानात राहत असे. जपानची खडान्खडा माहिती माझ्याइतकी कोणालाच नाही. तिथे मी कधी गेलो नाही, एवढंच काय ते उणं.

हा म्हातारा कामकऱ्यांची चित्रं छापी. छत्री बांधणारा, कापड रंगवणारी, लाकडी पिंप ठोकणारा. कोरलेल्या लाकडी ठशाला रंग लावायचा, वर ओलसर कागद ठेवायचा आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने कागदाची पाठ घासायची. सात वर्षं घासून घासून त्याच्या शिष्याच्या तळहाताला घट्टे पडले होते. आज निकाल होता. गुरूंनी शब्दच दिला होता, "पिंपवाल्याचे दहा कागद उत्तम उतरव, चित्रावर माझ्या शिक्क्याशेजारी तुझा शिक्का." नमुना त्यांनी सकाळी स्वतः छापून दिला. त्याबरहुकूम शिष्याने दहा छापले आणि नमुन्यासकट गठ्ठा पुढे ठेवला. चित्रं घेणारा व्यापारीही येऊन बसला होता.

गुरूंनी वरचा कागद उचलला आणि चक्क पालथा धरला! पिंपवाल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाठीलाच नाक लावून बसले. शिष्य चक्रावला. म्हाताऱ्याची नजर गेली, की चित्र पाहण्याच्या लायकीचंच नाही? व्यापाऱ्याने भुवईनेच विचारलं, हे काय? शिष्याने खांदे उडवले. तुम्हालाही कळलेलं नाही. उगाच मान डोलावू नका.

शेवटी गुरू बोलले, "अरे, पुढच्या बाजूला पिंपवाल्याचे श्रम दिसतात. ते त्याचे. छापणाऱ्याचे श्रम पाठीवर उमटतात. ही घासल्याची वर्तुळं बघ. चेहऱ्यापाशी कशी दाट, सावकाश! आणि आभाळाच्या कोपऱ्यात? दोन फराटे. आभाळाकडे कोण बघतो, असं वाटलं ना? इथे तुझं मन उठून चहाला गेलं. पुढची बाजू जगाला फसवील. पाठ कोणाचीच भीड ठेवत नाही. शिक्क्याचं पुढच्या वर्षी पाहू."

व्यापाऱ्याने सगळं उमजल्यासारखा सुस्कारा टाकला. शिष्याने कागद हाती घेतला. सुलटा केला, पालथा केला, पुन्हा सुलटा केला.

"गुरुजी," तो चाचरत म्हणाला, "शिकवण पटली. पण हा वरचा कागद नमुन्याचा आहे. सकाळचा, तुमच्या हातचा. माझे दहा याच्या खाली आहेत."