येसू तारणीचं कुंकू

बसा. पोरं पुढे, कानानं अधू असतील ते माझ्याजवळ. गोष्ट सांगतो, पण शेवट गोड कर म्हणून कुणी मध्येच बोलायचं नाही. मला तो गोड करता आला असता तर कधीच केला असता.

फार वर्षांपूर्वी, या खाडीत मासळी भरपूर आणि पुढारी थोडे होते तेव्हा, आपल्या वेळजुव्यावर येसू तारीण राहायची. नवरा लांब बोटीवर खलाशी, म्हणून माणसं पलीकडे नेणारी होडी तीच चालवायची. जुव्याच्या चारी बाजूंनी पाणी, आणि दवाखाना पलीकडच्या किनाऱ्यावर. भरतीला होडी जाते, ओहोटीला चिखलात रुतते. येसूची एकुलती एक लेक गोदी, पहिलटकरीण. कळा सुरू झाल्या त्या नेमक्या ओहोटीला. होडी मध्यावर रुतली. दवाखान्याच्या छपराचं कौल न् कौल दिसत होतं, आणि गोदी आईच्या मांडीवर गेली. पोटातलं बाळही गेलं. असं म्हणतात, त्यानंतर येसूच्या तोंडात एकच शब्द उरला: पूल.

पुढं पहिली निवडणूक आली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असायची, मताची चिठ्ठी कोरीच त्या पेटीत टाकायची. एक वकील जुव्यावर येऊन म्हणाला, "मला निवडून द्या, पूल बांधतो." माणूस खरा होता हो, खोटं कशाला बोलू? त्याच्या पेटीवर होडीचं चित्र. येसूनं घरोघर जाऊन सांगितलं, "गोदीची शपथ आहे, एकानंही घरी राहायचं नाही." पलीकडच्या शाळेत मतदान. अकरा खेपा केल्या तिनं. असं म्हणतात, त्या दिवशी ओहोटी खोळंबली. तिची शेवटची खेप होईपर्यंत पाणी उतरलंच नाही.

आणि इथंच आम्ही माती खाल्ली. नवी होडी कुंकू लावल्याशिवाय पाण्यात सोडायची नाही, ही आपली रीत. पेटीवर होडी, मग चिठ्ठी कोरी कशी सोडायची? येसू शाळेच्या पायरीवर कुंकवाचा करंडा घेऊन उभी राहिली. एकशे त्रेचाळीस माणसांनी अंगठा त्यात बुडवला, आत जाऊन चिठ्ठीवर टेकवला आणि मगच ती पेटीत टाकली.

मोजणीला त्या खुणा सापडल्या. खूण केलेलं मत बाद! एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस बाद. वकील नव्वद मतांनी पडला. तो येसूसमोर धक्क्यावर बसून रडला. अरे, चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं!

येसूनं करंडा खाडीत भिरकावला. नवरा धडधाकट जिवंत असताना कपाळ पुसलं. बायका धावल्या, "गो येसू, काय अवदसा आठवली तुला?" ती म्हणाली, "माझ्या हातानं पूल बुडवला. तो उभा राहील तेव्हा लावीन." असं म्हणतात, धक्क्याजवळचं पाणी तीन दिवस लाल होतं.

मग किती निवडणुका आल्या आणि गेल्या. दर वेळी नवा माणूस, नवा नारळ, तोच पूल. दोनदा पायाचे दगडसुद्धा बसले. त्यांच्यावर आता कालवं धरलीत. येसू मात्र दर वेळी अख्खं गाव पलीकडे न्यायची, पायरीवर उभी राहून प्रत्येकाचे हात उलटेसुलटे बघायची, स्वच्छ आहेत ना म्हणून. केस पिकले, नवरा गेला, हातातलं वल्हं काही सुटलं नाही.

शेवटी मतदारसंघांची फेररचना झाली. कुणीतरी नकाशावर रेघ ओढली, ती नेमकी खाडीच्या मधोमध. जुवं एका मतदारसंघात, दवाखान्याचा किनारा दुसऱ्यात. मतदान आता जुव्यावरच होणार, पलीकडे जायलाच नको. इकडचा पुढारी म्हणाला, पुलाचं ते टोक माझ्याकडे नाही. तिकडचा म्हणाला, तुमची मतं माझ्याकडे नाहीत. झालं, हात झटकले.

हे कळलं त्याच दिवशी येसू भर ओहोटीला एकटी होडी घेऊन निघाली. गोदी गेली तिथंच होडी रुतवली, उभी राहिली आणि दोन्ही किनाऱ्यांकडे बघून ओरडली, "मी कुणाच्या हद्दीत आहे रे?" आम्ही सगळे धक्क्यावर होतो. चिखलातून कुणाला पुढे जाता येईना. मग पाणी चढलं. होडी परत आली, येसू आली नाही. असं म्हणतात, ओहोटीला तिथं कान दिला तर अजून तोच प्रश्न ऐकू येतो. मी ऐकलाय. तुम्ही ऐकायला जाऊ नका.

पूल अजून नाही. पण मतदानाच्या दिवशी जुव्यावरची एकही बाई कुंकू लावत नाही, कालची नवरीसुद्धा नाही. सगळ्याजणी खाडीत हात धुतात आणि येसूचं नाव घेऊन, उघड्या कपाळानं रांगेत उभ्या राहतात. मत एकूण एक देतात. गेल्या खेपेला मतदान घ्यायला एक नवा साहेब आला होता. रांग बघून बिचारा चपापला आणि हळूच म्हणाला, "गावात कुणी गेलं का?"

पहिल्या नंबरची म्हातारी म्हणाली, "गेलं कुणी नाही, बाबा. यायचा होता तो आला नाही." आणि तिनं शाईसाठी बोट पुढं केलं.